पालिकेच्या शाळेतले कलावंत



गुरुजींच्या स्मृतीसाठी चालणारी ही व्याख्यानमाला. आपल्यापैकी बरेच जण गुरुजींचे विद्यार्थी आहेत. ते चित्रकलेचे शिक्षक. पण स्नेहसंमेलन जवळ आले की नेपथ्य, रंगभूषा, तबल्याची शाई, पेटीचा भाता, सगळे त्यांच्याच गळ्यात पडायचे, आणि तेही ते आनंदाने गळ्यात घ्यायचे. मी त्यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे सव्वीस वर्षे एका अनुदानित शाळेत संगीत शिकवले. त्या शाळेतले एक कपाट मला अजून दिसते. त्यात पेटी होती, दोन तबल्यांचे जोड होते, एक ढोलकी होती. किल्ली कार्यालयात असायची. डिसेंबर उजाडला की कपाट उघडायचे, संमेलन झाले की बंद व्हायचे. जानेवारीपासून माझ्या तासाला गणिताचे किंवा इंग्रजीचे सर यायचे, कारण दहावी जवळ आलेली असायची. एका वर्षी पेटी बाहेर काढली तर मध्य सप्तकातल्या पंचमाची पट्टी दाबली की वर यायलाच तयार नव्हती. आत उंदराने घर केले होते. त्या वर्षी मुलांनी पंचम सोडून बसेल असे समूहगीत निवडले.

ही आठवण मनात ठेवून मी आज एका शाळेविषयी बोलणार आहे. ती न्यूयॉर्क शहरात आहे. तिचे पूर्ण नाव लांबलचक आहे : फिओरेलो एच. ला गार्डिया हायस्कूल ऑफ म्युझिक अँड आर्ट अँड परफॉर्मिंग आर्ट्स. नववी ते बारावीची शाळा. संगीत, नृत्य, नाट्य, चित्रकला शिकवणारी. आणि सरकारी. फी नाही, देणगी नाही. आपल्याकडे जिला आपण पालिकेची शाळा म्हणतो, तशी ती शहराची शाळा आहे. हा शेवटचा मुद्दाच मला आज आपल्यापुढे मांडायचा आहे, पण तिथे पोचायला थोडा वेळ लागेल.

सुरुवात तिच्या मानसन्मानापासून करू, कारण लोकांना ती माहीत होते ती त्यामुळेच.

२ मार्च २०२५. आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ होती. ऑस्करच्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या पुरस्कारासाठी पाच नावे होती. त्यातली दोन, एड्रियन ब्रॉडी आणि टिमथी शॅलमे, याच एका शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांची. पुरस्कार ब्रॉडीला मिळाला, 'द ब्रुटलिस्ट'साठी. त्याचा तो दुसरा. पहिला २००३ साली 'द पियानिस्ट'साठी मिळाला तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता आणि हा पुरस्कार मिळवणारा सर्वांत लहान अभिनेता ठरला होता. शॅलमेचे वयही या वेळी एकोणतीसच, ब्रॉडीच्या त्या वेळच्या वयापेक्षा काही महिन्यांनी कमी. तो जिंकता तर विक्रम त्याच्या नावावर गेला असता. म्हणजे विक्रम करणारा आणि तो मोडायच्या बेतात असलेला, दोघेही एका शाळेचे. कुठल्याही शाळेच्या मुख्याध्यापकांना त्या सकाळी घंटा वाजवून सुट्टी द्यावीशी वाटली असती.

आणखी नावे घ्यायची तर संध्याकाळ पुरणार नाही. जेनिफर अ‍ॅनिस्टन तिथली. बेन व्हेरीन तिथला. १९७२ साली इंग्लंडमधली लीड्सची स्पर्धा जिंकणारा पियानोवादक मरे पराया तिथला. डायहॅन कॅरोल, बिली डी विल्यम्स, गायिका लॉरा नीरो, सगळे तिथले. अल पचिनोही तिथेच शिकत होता. पण त्याच्या बाबतीत जपून बोलले पाहिजे, कारण त्याने शाळा पुरी केली नाही. घरची ओढाताण होती, सोळा-सतराव्या वर्षी तो मिळेल ते काम करायला लागला. शाळा आपल्या यादीत त्याचे नाव अभिमानाने घालते. मला मात्र त्या नावापाशी थबकायला होते. इतकी चांगली शाळा, फुकटची शाळा, तरीही घरची गरिबी मुलाला तिच्यातून ओढून नेऊ शकते, हे त्या नावात लिहिलेले आहे.

आता मागे जाऊ. १९३० नंतरची वर्षे अमेरिकेत महामंदीची. न्यूयॉर्कमध्ये बेकारांच्या रांगा. १९३४ साली ला गार्डिया महापौर झाला. न्यूयॉर्कला गेलेल्यांना हे नाव विमानतळामुळे ठाऊक असते. त्याचे वडील इटलीहून आलेले, कॉर्नेट वाजवणारे, अमेरिकन लष्कराच्या बँडचे प्रमुख. मुलाचे बालपण अ‍ॅरिझोनातल्या लष्करी ठाण्यांवर, बँडच्या आवाजात गेले. त्या घरात संगीत हीच रोजची भाकरी होती. पुढे हा मुलगा महापौर झाला आणि शहराच्या तिजोरीत खडखडाट असताना, १९३६ साली, त्याने हार्लेमजवळच्या टेकडीवर 'हायस्कूल ऑफ म्युझिक अँड आर्ट' सुरू केले. इमारत जुनी, शिक्षकांच्या प्रशिक्षण विद्यालयाची, गॉथिक मनोऱ्याची. मुले तिला टेकडीवरचा किल्ला म्हणत. कारकिर्दीतले आपले सर्वांत आशादायक काम कोणते, तर ही शाळा, असे ला गार्डिया मानत असे. पूल, बोगदे, विमानतळ, उद्याने करणाऱ्या महापौराने हे म्हणावे, याला काही अर्थ आहे.

आजवर कलेला पोसले कोणी? राजांनी, देवळांनी, धनिकांनी. ला गार्डियाने तो भार शहरावर टाकला. ज्या पैशातून रस्त्यावरचे दिवे लागतात त्याच पैशातून व्हायोलिन यावे, असे ठरवले. आपल्याला हा विचार परका वाटू नये. कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवांकडे संस्थानच्या छायेत शिकले, आणि ती छाया सोडून १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले ते लोकांच्या वर्गणीवर. संस्थानिकाच्या दिवाणखान्यातून गाणे बाहेर काढून शाळेच्या वर्गात नेणारा तो पहिला मोठा माणूस. फरक एवढाच की पलुस्करांच्या मागे कुठलीही पालिका उभी नव्हती. कर्जे त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर होती.

टेकडीवरच्या शाळेत संगीत आणि चित्रकला होती. नृत्य आणि नाटक यांची सोय व्हायला आणखी दहा-बारा वर्षे गेली, आणि ती झाली फार मजेच्या जागी. फ्रँकलिन केलर नावाचे मुख्याध्यापक एक धंदेशिक्षणाची शाळा चालवत, मुलांच्या हाताला हुन्नर देणारी. त्यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस तिच्यातच नृत्य, नाट्य आणि संगीत यांचे वर्ग काढले. मला ही गोष्ट फार आवडते. नाचणे, अभिनय करणे हाही धंदा आहे, त्यालाही हत्यारे लागतात, उमेदवारी लागते, रोजचा घाम लागतो, असे त्या माणसाला वाटले. आपल्याकडे कलेला एकतर देव्हाऱ्यात बसवतात नाहीतर नाद म्हणून हिणवतात. तिला हुन्नर मानून तिच्याकडे पाहणारा शिक्षक विरळा. या वर्गांचीच पुढे स्वतंत्र शाळा झाली, 'स्कूल ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स'. टाइम्स स्क्वेअरला लागून, पश्चिम ४६व्या रस्त्यावर. नाट्यगृहे हाकेच्या अंतरावर. शिकवणाऱ्यांत रंगमंचावर प्रत्यक्ष काम करणारी माणसे.

१९६१ साली दोन्ही शाळा कागदोपत्री एक झाल्या. एका छपराखाली यायला १९८४ उजाडले. लिंकन सेंटरच्या मागे नवी इमारत झाली, म्हणजे मेट्रोपोलिटन ऑपेराच्या शेजारी.

मधल्या काळात १९८० साली अ‍ॅलन पार्करचा 'फेम' चित्रपट आला आणि शाळा जगभर पोचली. पटकथा वाचून शिक्षण मंडळाने शाळेत चित्रीकरणाला परवानगी नाकारली होती, तेव्हा ते दुसरीकडे करावे लागले. शाळेतले काही शिक्षक आणि विद्यार्थी मात्र पडद्यावर दिसतात. चित्रपटाला दोन ऑस्कर मिळाले, दोन्ही संगीताचे. त्यावरून दूरचित्रवाणी मालिका निघाली, नाटक निघाले. मुले टॅक्सीच्या टपावर चढून नाचतात ते दृश्य आपणही पाहिले असेल. खऱ्या शाळेत दिवस असा जात नाही. इतर कुठल्याही शाळेप्रमाणे गणित, विज्ञान, इतिहास असतो. राज्याच्या परीक्षा सगळ्यांना द्याव्या लागतात. त्याच वेळापत्रकात, त्याच दिवसात, आपल्या कलेच्या सलग तासिका असतात. रोज. डिसेंबरात नव्हे. मला वाटते, सगळी जादू या 'रोज' शब्दात आहे. नाचणाऱ्या मुलीची टाच रोज जमिनीवर आपटली पाहिजे, गाणाऱ्याचा षड्ज रोज लागला पाहिजे. आठवड्याला एक तास देऊन कला शिकवता येत नाही, फक्त वेळापत्रकात दाखवता येते.

प्रवेश ऑडिशनने होतो. न्यूयॉर्कमध्ये नऊ विशेष सरकारी शाळा आहेत. आठ शाळा एका लेखी परीक्षेवर मुले निवडतात, नववी ही. इथे शाळेतली प्रगती पाहतात आणि मुलाला समोर उभे करून त्याची कला पाहतात. नृत्य, नाट्य, गायन, वाद्यवादन, चित्रकला आणि रंगमंचाची तांत्रिक बाजू असे विभाग आहेत. ही शेवटची बाजू वेगळी काढून शिकवली जाते, हे ऐकून गुरुजींना किती आनंद झाला असता! आयुष्यभर त्यांनी पडद्यामागे उभे राहून दोऱ्या ओढल्या, आणि त्याला कधी कोणी विषय म्हटले नाही.

आता मी आपल्याला एका मुलाविषयी सांगते. माझ्या मते या शाळेची सर्वांत मोठी कमाई ऑस्करच्या बाहुल्या नव्हेत, हा मुलगा आहे. त्याचे नाव आर्थर मिचेल. जन्म १९३४, हार्लेमचा, कृष्णवर्णीय, गरीब घरातला. बारा वर्षांचा असताना घर चालवायची पाळी त्याच्यावर आली. बॅले कशाशी खातात हे त्याला माहीत नव्हते. शाळेच्या एका समारंभात तो नाचत असताना शाळेच्या समुपदेशकाची नजर गेली. तू परफॉर्मिंग आर्ट्सची ऑडिशन दे, असे त्याला सांगण्यात आले. त्याने दिली, त्याला घेतले.

१९५२ साली तो बाहेर पडला तेव्हा शाळेचे नृत्याचे पारितोषिक त्याच्याकडे होते. मग बॅलेच्या शाळेत शिष्यवृत्ती. १९५५ मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅलेत प्रवेश, आणि पुढे तिथला पहिला कृष्णवर्णीय प्रमुख नर्तक. १९५७ साली जॉर्ज बॅलंचीन यांनी 'अ‍ॅगॉन' बसवले. त्यातल्या मुख्य द्वंद्वनृत्यात डायना अ‍ॅडम्स ही गोरी नर्तकी आणि मिचेल. त्या दिवसांत अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या आणि गोऱ्या माणसांनी एका नळाचे पाणी पिण्यालाही बंदी होती. इकडे रंगमंचावर काळा हात गोऱ्या हातात, भर उजेडात, आणि तो कलेच्या शिस्तीने तिथे पोचलेला. कुठलेही भाषण न करता त्या हातांनी जे सांगितले ते सभागृहातल्या प्रत्येकाला कळले असणार.

एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. मिचेलने ठरवले की आपण हार्लेमला परत जायचे. कारेल शुक या आपल्या गुरूंना बरोबर घेऊन १९६९ मध्ये त्याने 'डान्स थिएटर ऑफ हार्लेम' उभे केले, आणि आपल्यासारख्याच मोहल्ल्यातल्या मुलांना बॅले शिकवायला लागला. एका समुपदेशकाने एका मुलाला नाचताना पाहिले आणि त्याला एका फुकटच्या शाळेचा पत्ता दिला; त्या पत्त्याची ही पुढची हकिकत. हार्लेमच्या एका गरीब घरात बॅलेच्या शिकवणीची फी कुठून आली असती? शाळा सरकारी नसती तर हे नाव आपल्याला ऐकू आले नसते.

दुसरा मुलगा चित्रकलेचा, म्हणजे गुरुजींच्या गोत्रातला. मिल्टन ग्लेझर, टेकडीवरच्या शाळेचा. १९७०च्या दशकात न्यूयॉर्क पुन्हा कफल्लक झाले. गुन्हे वाढले, पर्यटक यायचे बंद झाले. १९७७ साली राज्याने पर्यटनाच्या मोहिमेसाठी बोधचिन्ह मागितले. टॅक्सीतून जाताना ग्लेझरने खिशातल्या लिफाफ्यावर लाल खडूने काही अक्षरे आणि एक बदाम काढला : 'आय', मग लाल हृदय, मग 'एनवाय'. आज जगात असे शहर नसेल जिथे ते चिन्ह छापलेला सदरा घातलेले कोणी दिसत नाही. तो कागदाचा तुकडा आता आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. आणि ग्लेझरने या कामाचे पैसे घेतले नाहीत. ज्या शहराने त्याला फी न घेता शिकवले होते, त्याला त्याने फी न घेता परत दिले. हिशोब असा कोणी मांडला नव्हता, पण तो जुळला खरा. २००९ सालचे राष्ट्रीय कलापदक त्याला मिळाले. २०२० मध्ये आपल्या एक्क्याण्णवाव्या वाढदिवशीच तो वारला.

जाता जाता सुझॅन व्हेगाची गोष्ट. ती शाळेत गेली नृत्य शिकायला आणि झाली गीतकार-गायिका. 'टॉम्स डायनर' हे तिचे गाणे कुठल्याही वाद्याच्या साथीशिवाय, नुसत्या आवाजात म्हटलेले आहे. जर्मनीत एमपी३ चे तंत्र घडत होते तेव्हा कार्लहाइन्झ ब्रँडेनबुर्ग यांनी आपली पद्धत मानवी आवाजावर घासूनपुसून पाहण्यासाठी हेच गाणे पुन्हा पुन्हा वापरले. आपल्या फोनमध्ये वर्षानुवर्षे भीमसेनजी आणि किशोरीताई ज्या रूपात साठल्या, ते रूप असे एका मुलीच्या गळ्यावर पारखले गेले.

शाळेचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर मी तिच्याशी प्रामाणिक राहणार नाही. शाळा शहराची असली तरी ऑडिशनची तयारी घरी होते. ज्याच्या आईबापांनी सहाव्या वर्षी पियानोची शिकवणी लावली तो मुलगा, आणि ज्याने चर्चमध्ये ऐकून ऐकून गळा कमावला तो मुलगा, एकाच दारात उभे राहतात, पण बरोबरीने उभे राहत नाहीत. त्यामुळे शहरातल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांचे प्रमाण या शाळेत शहराच्या मानाने फार कमी आहे, ही टीका अनेक वर्षे होते आहे आणि ती रास्त आहे. आर्थर मिचेल आज अर्ज करता तर त्याला कोणी ओळखले असते का, हा प्रश्न त्या शाळेने स्वतःला विचारत राहिले पाहिजे.

दुसरा दोष आपल्याला फार ओळखीचा आहे. २०१९ साली शाळेतल्या मुलांनी वर्गाबाहेर, मजल्यामजल्यावरच्या व्हरांड्यांत बसून धरणे धरले. तक्रार अशी की प्रशासन गुणपत्रिकेला अवाजवी महत्त्व देते आहे, प्रवेशातही आणि शाळेच्या दिवसातही, आणि कला मागे सारली जाते आहे. काही दिवसांतच मुख्याध्यापकांना पद सोडावे लागले. मी ही बातमी वाचली तेव्हा मला माझे कपाट आठवले. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या कलाशाळेतही गणिताचे सर दारात येऊन उभे राहतातच! फरक हा की तिथली मुले उठून बाहेर आली आणि जमिनीवर बसली. माझी मुले मुकाट्याने वह्या काढायची, आणि मीही मुकाट्याने वर्ग सोडून द्यायची. ते मी करायला नको होते.

आपल्याकडे हे जमणार नाही, असे म्हणणारे भेटतील. त्यांना मी केरळात चेरुतुरुत्तीला जाऊन यायला सांगते. कवी वळ्ळत्तोळ यांनी लॉटरीची तिकिटे विकून पैसा जमवला आणि १९३० साली केरळ कलामंडलम् सुरू केले. आज तिथे आठवीपासूनची मुले पहाटे कथकळीचे डोळ्यांचे व्यायाम करतात आणि मग शाळेचे नेहमीचे विषय शिकतात. संस्थेला आता अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. महाराष्ट्राने दहावीला शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकला यांचे वाढीव गुण द्यायला सुरुवात केली, त्याचे मी स्वागत केले होते आणि आजही करते. पण गुण कोणाला मिळतात? ज्याने शाळेबाहेर, पैसे मोजून, परीक्षा दिल्या त्याला. तमासगिराच्या पोराला, गोंधळ्याच्या पोराला, कलेत जन्मलेल्या आणि कलेवाचून दुसरे काहीच नसलेल्या पोराला ती वाट सापडत नाही. गुण वाटणे स्वस्त आहे. शिक्षक नेमणे, त्याला रोजचा तास देणे, वाद्ये दुरुस्त ठेवणे याला पैसा लागतो, आणि तो पैसा सरकारचा, पालिकेचा, जिल्हा परिषदेचा असला पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. ला गार्डियाने तो मंदीत काढला.

या सभागृहात आज दोन शाळांचे मुख्याध्यापक बसलेले मला दिसतात. नगरपरिषदेचे काही सदस्य आहेत, शाळा व्यवस्थापन समित्यांवरचे पालक आहेत. न्यूयॉर्कसारखी इमारत उभारा, असे मी म्हणणार नाही. माझे मागणे लहान आहे. माझ्या शाळेतले ते कपाट येत्या जूनमध्ये उघडा आणि मार्चपर्यंत उघडे ठेवा. संगीताचा आणि चित्रकलेचा तास दुसऱ्या कुठल्याही विषयाला द्यायचा नाही, असा ठराव समितीच्या पुढच्या बैठकीत मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. पेटीची दुरुस्ती मी माझ्या खर्चाने करून देते. ती उद्याच माझ्या घरी पाठवा.